बाजारचा खाऊ आणि आरोग्याचा पाठ

मार्गशीर्ष उजाडला की आपल्या भागात यात्रांचा हंगाम सुरू होतो. पुसेगाव, जत, पाली, मांढरदेवी अशी नावे मुलांच्या तोंडी येऊ लागतात, आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वर्गात निम्म्या दप्तरांतून कागदी पुड्या निघतात. कोणाच्या पुडीत शेव-चुरमुरे, कोणाच्या जिलेबीचा तुकडा, तर कोणाच्या ओलसर झालेली बर्फी. अशा दिवशी आपण शिक्षक मुलांना एकच वाक्य ऐकवितो, ‘बाहेरचे काही खाऊ नये’. हे वाक्य पुष्कळ शाळांच्या भिंतींवरही लिहिलेले आढळते. परंतु मधल्या सुट्टीत तेच गुरुजी एस. टी. स्थानकाजवळच्या दुकानात वडा खाताना मुलांना दिसतात, आणि भिंतीवरील वाक्याचे जे व्हायचे ते होते. जी शिकवण शिकविणारासही पाळता येत नाही, ती शिकवण म्हणून निरुपयोगी होय.

शिक्षकबंधुभगिनींनो, विकतच्या तयार पदार्थांविषयी अलीकडे पालकांच्या मनात भीती वाढली आहे, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. ऑगस्ट 2023 मध्ये जत तालुक्यातील उमदी येथील एका आश्रमशाळेतील शंभराहून अधिक मुलांना विषबाधा होऊन रुग्णालयात हलवावे लागले. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काही रुग्णांत आतड्याला बाधा करणारा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू सापडला, तेव्हा तर साताऱ्या-सांगलीकडील घरांतूनही बाहेरच्या खाण्याचा धसका घेतला गेला. मुख्य संशय पिण्याच्या पाण्यावर होता; पण आमच्याकडच्या काही मंडळींनी पाणी उकळण्याऐवजी पनीर खाणे तेवढे बंद केले! भीती खरी आणि तिचा रोख मात्र भलतीकडे, असा हा प्रकार आहे. ही भीती योग्य जागी वळविणे हे आरोग्याच्या पाठाचे काम आहे, आणि त्यासाठी रोगाची रीत शिक्षकास नीट ठाऊक हवी.

पहिली गोष्ट ही की, नासणे आणि विषारी होणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दूध आंबते, वरणाला वास येतो, भाजीला तार सुटते, ही नासण्याची लक्षणे होत. ती घडविणारे जीवाणू बहुधा निरुपद्रवी असतात. दह्याचे जीवाणू तर उपकारकच आहेत. उलट ज्यांच्यामुळे माणसे खरोखर आजारी पडतात ते जीवाणू पुष्कळदा अन्नाचा रंग, वास किंवा चव यांत काहीही फरक पडू देत नाहीत. ‘वास घेऊन पाहिला, चांगले होते’ हे आपल्याकडे सर्वत्र ऐकू येणारे प्रशस्तिपत्र त्यामुळे अपुरे ठरते. नाकाने नासके अन्न ओळखता येते, विषारी अन्न ओळखता येईलच असे नाही.

दुसरी गोष्ट काळाची. अनुकूल उबेत आणि ओलाव्यात काही जीवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी आठ वाजता बासुंदीच्या पातेल्यात असा एकच जीवाणू पडला आणि पातेले कोमट राहिले, तर दुपारी तीनपर्यंत एकवीस वेळा दुपटी होऊन त्याचे 20,97,152 जीवाणू होतील. हे उदाहरण सातवीच्या वर्गाला फळ्यावर सोडवावयास द्यावे. प्रत्यक्षात वाढ इतकी अखंड चालत नाही हे खरे, परंतु सात तासांचा अर्थ काय हे मुलांना यामुळे एकदम उमगते. सुमारे पाच ते साठ अंश सेल्सिअस हा उष्णतेचा पट्टा जीवाणूंना मानवतो. म्हणजे वाफाळते अन्न बहुतांशी सुरक्षित आणि शीतपेटीतील अन्न काही काळ सुरक्षित. धोका आहे तो मधल्या कोमट अवस्थेत. मोठ्या पंगतीसाठी केलेले पातेलेभर अन्न निवायला फार वेळ घेते, आणि तो सगळा वेळ जीवाणूंच्या पथ्यावर पडतो.

तिसरी गोष्ट हाताची, आणि ती सर्वांत कमी ध्यानात घेतली जाते. स्टॅफिलोकॉकस नावाचा जीवाणू माणसाच्या नाकात, त्वचेवर, विशेषतः पिकलेल्या जखमेत राहतो. पेढे वळणाऱ्याच्या बोटाला नखुरडे झालेले असेल, किंवा बर्फी कापणाऱ्याच्या हातावर गळू असेल, तर तेथून तो खव्यात जातो आणि तेथे वाढून एक विषद्रव्य तयार करतो. नंतर अन्न उकळले तर जीवाणू मरतात. विषद्रव्य मात्र टिकून राहते. ‘पुन्हा गरम करून घेतले होते’ ही सबब म्हणूनच येथे चालत नाही. भाताचेही असेच आहे. बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात आणि शिजलेला भात रात्रभर उघड्या उबेत राहिला तर त्यांतून नवे जीवाणू निर्माण होऊन तेही न उकळणारे विष सोडतात. सकाळचा फोडणीचा भात हा घरचा पदार्थ आहे, दुकानाचा नव्हे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. घरचे ते निर्धोक आणि बाजारचे ते धोक्याचे ही विभागणी निसर्गाला ठाऊक नाही.

या तीन गोष्टी हाताशी आल्या म्हणजे आपल्याच जिल्ह्यांतील पदार्थ पाठासाठी उत्तम साधन ठरतात. साताऱ्याचा कंदी पेढा घ्या. म्हशीच्या दुधाचा खवा तांबूस होईपर्यंत भाजतात, साखर घालतात. त्यामुळे त्यातील बरेचसे पाणी उडून जाते आणि उरलेले साखरेशी बांधले जाते. जीवाणूंना वाढण्यास मोकळे पाणी लागते, ते येथे फारसे नसते. त्याच दुधाची बासुंदी मात्र ओली, गोड आणि पुष्कळदा कोमट. जीवाणूंना आणखी काय हवे? दूध एक, साखर एक, परंतु एक पदार्थ प्रवासाला नेता येतो आणि दुसरा त्याच दिवशी संपवावा लागतो. सांगलीचे भडंग कोरडे म्हणून टिकते, तासगावचा बेदाणा सुकलेला म्हणून, लोणचे मिठाने, तेलाने व आंबटपणाने. मुलांना या पदार्थांची नावे सांगून ‘हा का टिकतो?’ एवढेच विचारावे. मुले स्वतःच कारणे शोधू लागतात, आणि मग ‘न टिकणारा कोणता?’ हे त्यांना सांगावे लागत नाही.

वड्याविषयी माझे मत विचाराल तर कढईतून नुकता निघालेला वडा हा बाजारातील निर्दोष पदार्थांपैकी एक आहे; उकळत्या तेलातून जिवंत जीवाणू सहसा निभावत नाहीत. संशय घ्यावा तो सोबतच्या ओल्या चटणीचा, तिच्यात घातलेल्या कच्च्या पाण्याचा, सकाळी चिरून ठेवलेल्या कांद्याचा आणि पैसे घेऊन त्याच बोटांनी पाव फाडणाऱ्या हाताचा. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देण्याची रीतही वाईट. तिची शाई तेलकट पदार्थात उतरते. उसाच्या रसाचे आणि गारेगारचे प्रकरण बर्फापाशी अडते. गारठ्याने जीवाणू निजतात, मरत नाहीत. पाणी अशुद्ध असेल तर बर्फही अशुद्धच. खाण्याचा बर्फ व औद्योगिक बर्फ यांची सरमिसळ होऊ नये म्हणून महाराष्ट्रात 2018 मध्ये अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचे बंधन घातले गेले, ही माहिती मुलांना फार आवडते असा अनुभव आहे.

बंद पाकिटांविषयी थोडक्यात. अन्नभेसळ प्रतिबंधाचा 1954 चा कायदा मागे पडून अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 हा आता लागू आहे, त्याखालील परवाने व नियम 5 ऑगस्ट 2011 पासून अमलात आले. पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक, तारीख आणि उत्पादकाचा पत्ता असतो. सुट्या मिठाईसमोरही ती कोणत्या दिवसापर्यंत खाण्यास योग्य आहे याची पाटी लावण्याचा आदेश 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे. दुकानात गेल्यावर ही पाटी शोधणे हा मुलांना देता येण्याजोगा सुंदर गृहपाठ आहे. दुकानदारही एखादे पोर पाटी विचारते आहे असे पाहून सावध होतो. परंतु पाकीट फुगलेले, फाटलेले किंवा दिवसभर उन्हात टांगलेले असेल, तर छापलेल्या तारखेचा भरवसा धरू नये.

कोरडे ते सुरक्षित असा सरसकट नियमही करू नये, कारण त्याला गंभीर अपवाद आहेत. 1996 साली गुजरातेतील एका निवासी शाळेतील 34 विद्यार्थी एकाएकी आजारी पडले. तपासात बॉट्युलिझम या मज्जातंतूंना लुळे करणाऱ्या विषबाधेचा संशय आला आणि त्या जातीचे विष निर्माण करणारा जीवाणू शेवेत सापडला. शेव! जिला आपण सर्वांत निरुपद्रवी समजतो. दुसरा अपवाद आपल्या उपवासाचा. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात भगर व आमटीचा प्रसाद घेतलेल्या दोनशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली, आणि रुग्णांची संख्या इतकी होती की झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या लटकावाव्या लागल्या. भगरीला ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते आणि काही बुरशी विषद्रव्ये सोडतात. दळून ठेवलेल्या भगरीच्या पिठाला ओल लवकर लागते. यास्तव भगर निवडलेली, कोरडी व पाकीटबंद घ्यावी, पीठ विकत न घेता लागेल तेवढे घरी दळावे आणि शिळे ठेवू नये असे अन्न व औषध प्रशासन वेळोवेळी सांगत आले आहे. नवरात्रात व महाशिवरात्रीस हे दोन शब्द प्रार्थनेनंतर सांगितले तर ते थेट घराघरांत पोहोचतील.

तिसरा अपवाद जीवाणूंचा नाहीच. 16 जुलै 2013 रोजी बिहारमध्ये छपऱ्याजवळील धर्मासती गंडामन या खेड्यातील शाळेत माध्यान्ह भोजनानंतर 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. तेलाला विचित्र वास येत असल्याचे स्वयंपाकिणीने सांगितले होते, असे नंतर पुढे आले. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या द्राक्षांच्या तालुक्यांत औषधांचे रिकामे डबे घरोघर असतात, आणि चांगला डबा टाकवत नाही हा आपला जुना स्वभाव आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात असा एकही डबा, झाकण किंवा माप दिसता कामा नये. मुख्याध्यापकांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे हा नियम अशाच प्रसंगासाठी आहे. चाखण्याने कीटकनाशकाचा वास, रॉकेलची झाक, करपट चव या गोष्टी कळतात. जीवाणूंचे विष मात्र अर्ध्या तासात कळत नाही. म्हणून चाखणे हे ताजेपणाला पर्याय नव्हे.

आता एका नाजूक विषयास स्पर्श करणे भाग आहे. गावात कोणी आजारी पडले की ‘कोणाच्या हातचे खाल्ले?’ हा प्रश्न प्रथम येतो. प्रश्न आरोग्याचा वाटतो, परंतु पुष्कळदा त्यामागे जातीचा जुना विटाळ दडलेला असतो. हात धुतलेला आहे काय, हातावर जखम आहे काय, एवढेच विज्ञान विचारते. हात कोणाच्या घरचा आहे हे जीवाणूला कळत नाही. 1924 साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी जे वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवीत. त्याच जिल्ह्यात आज शाळेच्या स्वयंपाकिणीविषयी किंवा फाटकापाशी बसणाऱ्या विक्रेतीविषयी आरोग्याच्या नावाखाली कुजबुज झाली, तर ती वेळीच ओळखून थांबविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

या कुजबुजीला खतपाणी घालणारा आणखी एक भ्रम आहे, तो म्हणजे शेवटच्या घासाचा. मुलाला उलटी झाली की त्याने सर्वांत शेवटी जे खाल्ले तेच दोषी ठरते. वस्तुतः स्टॅफिलोकॉकसच्या विषाची उलटी बहुधा एक ते सहा तासांत होते, तर साल्मोनेलाचा ताप व जुलाब सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतात. म्हणजे सोमवारी दुपारी भेळ खाल्ल्यावर जुलाब झाले, तरी कारण रविवारच्या लग्नातील जेवण असू शकेल. एका गावी शाळेजवळ चणे-फुटाणे विकणाऱ्या वृद्धेची पाटी अशाच एका सोमवारी उठविली गेल्याचे मला ठाऊक आहे. आदल्या दिवशीच्या बारशाची चौकशी कोणी केलीच नाही. भाजलेल्या फुटाण्यांनी तीन मुलांना जुलाब होणे किती अवघड आहे याचा क्षणभर विचार झाला असता, तर त्या बाईची मिळकत गेली नसती.

खरे कारण शोधण्याची एक साधी पद्धत आहे आणि ती पाचवी ते सातवीच्या शेकडेवारीत बसते. समजा, स्नेहसंमेलनात 60 मुले जेवली आणि 24 आजारी पडली. खिचडी 50 जणांनी खाल्ली, त्यांतील 20 आजारी. न खाणाऱ्या 10 पैकी 4 आजारी. दोन्हीकडे शेकडा 40. बाहेरून आणलेली बासुंदी 30 जणांनी खाल्ली, त्यांतील 22 आजारी, म्हणजे शेकडा 73. न खाणाऱ्या 30 पैकी दोघेच आजारी, म्हणजे शेकडा 7 च्या आसपास. बासुंदीवर बोट ठेवावयास येथे कोणाची जात, गाव किंवा दुकान विचारावे लागत नाही. केवळ आजारी मुलांना ‘काय खाल्ले?’ असे विचारणे ही नेहमीची चूक होय; न आजारी पडलेल्यांनी काय खाल्ले हे विचारल्याविना हिशेब पुरा होत नाही. मुलांना ही गोष्ट गणित म्हणून शिकवावी. मोठेपणी ती न्याय म्हणून उपयोगी पडेल.

पाठ घेताना फार साहित्य लागत नाही. पावाचा एक तुकडा कोरडा व एक पाण्याने शिंपडलेला, दोन बंद बरण्यांत ठेवून चार-पाच दिवस बरणी न उघडता पाहावे. बुरशी कोठे धरते हे मुले पाहतील. (बरणी शेवटी उघडून वास घेण्याचा मोह काही शिक्षकांनाच होतो, तो टाळावा.) वाढदिवसाला वर्गात काय वाटावे याची चर्चाही येथेच घेता येईल. दुपारपर्यंत उघड्यावर राहिलेल्या क्रीमच्या केकपेक्षा केळी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की किंवा कंदी पेढा बरा. गरीब घरच्या पालकांनाही त्यामुळे हायसे वाटते.

प्रत्यक्ष प्रसंग ओढवल्यास काय करावे, हे आधीच ठरलेले असावे. उलट्या-जुलाबांत मृत्यू येतो तो बहुधा शरीरातील पाणी व क्षार गेल्यामुळे. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने हजारो प्राण वाचविले, तीच जलसंजीवनी आज प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. एक पुडी एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात मिसळावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अधिक पडू देऊ नये. घोटघोट पाजावे, उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडले, दोन-दोन दिसू लागले किंवा जीभ जड झाली, तर 108 क्रमांकास कळवावे. तोंडातून लाळ गळते आहे, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आहेत आणि घाम सुटला आहे असे दिसले, तर ते कीटकनाशक समजून काही पाजत न बसता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

शिल्लक अन्न घाईने उकिरड्यावर टाकू नये. भीतीपोटी पातेली घासून ठेवली जातात आणि तपासास काही उरत नाही. प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग स्वच्छ, झाकलेल्या डब्यात, शक्य तर बर्फावर ठेवून आरोग्य अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावा. पाकिटातील पदार्थ असेल तर रिकामे वेष्टनही जपून ठेवावे, कारण परवाना क्रमांक त्यावरच असतो. आणि एका शिक्षकाने मुलांजवळ न थांबता वही घेऊन बसावे. कोणी, काय, किती वाजता खाल्ले आणि त्रास केव्हा सुरू झाला हे आजारी व निरोगी दोन्ही मुलांकडून त्याच संध्याकाळी लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशीपर्यंत गावातील चर्चा मुलांच्या कानी पडलेली असते, आणि मग ती स्वतः खाल्लेले न सांगता ऐकलेले सांगू लागतात.